मित्रांची कंपनी

पुण्यात बाणेरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, चहाच्या यंत्राशेजारी एक फलक आहे आणि त्यावर माझं नाव आहे. ‘अंतर्गत समिती, बाहेरील सदस्य’. मोबाईलवरचे खेळ तयार करणारी ही लहानशी कंपनी. माणसं चाळीसेक, त्यांत मुली सात. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार समितीवर एक सदस्य स्वयंसेवी संस्थेतली किंवा या प्रश्नाची जाण असणारी, बाहेरची घ्यावी लागते. म्हणून मी.

पहिल्या बैठकीला कंपनीचा मालक स्वतः भेटायला आला. तिशीतला, टी-शर्ट घातलेला, अगदी नम्र मुलगा. मी ‘मालक’ म्हटलं तर त्याला कसंसंच झालं. ‘फाउंडर’ म्हणा म्हणाला. मग म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे असलं काही नाही. आम्ही सगळे मित्र आहोत. कायदा आहे म्हणून समिती केली.”

‘आमच्याकडे असलं काही नाही’ हे मी विड्यांच्या कारखान्यात ऐकलंय, सहकारी बँकेत ऐकलंय, शाळेच्या संस्थाचालकांकडून तर नेहमीच ऐकते. पण ‘आम्ही मित्र आहोत’ हे त्यासाठी दिलेलं कारण मला नवं होतं. हे मित्र कसे, असं विचारल्यावर त्यानं त्याच्या आदर्श कंपनीची गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसमधली रायट गेम्स. दोन मित्रांनी एका खेळावर उभी केलेली कंपनी. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मी गोष्ट ऐकून घेतली आणि घरी येऊन तिच्याबद्दल वाचायला बसले. त्यानं जी सांगितली ती गोष्ट खरीच होती. पण अर्धी होती, आणि उरलेली अर्धी आपल्या कामाची आहे. म्हणून या अंकाचं संपादकीय एका व्हिडिओ गेमच्या कंपनीवर.

आधी त्यानं सांगितलेला भाग. ब्रँडन बेक आणि मार्क मेरिल हे दोघे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले मित्र. दोघांनाही खेळांचं वेड. २००६ साली त्यांनी कंपनी काढली. त्या काळी खेळ खोक्यात घालून दुकानात विकले जात आणि ते विकणारे प्रकाशकच बाजार चालवत. एका गाजलेल्या खेळात हौशी खेळाडूंनी स्वतःच बदल करून एक नवाच खेळ तयार केला होता. दोन चमू, प्रत्येकी पाच जण, एकमेकांचा गड पाडायचा. बेक आणि मेरिल यांनी त्याच धर्तीचा खेळ करायला घेतला, आणि तो हौशी खेळ घडवणाऱ्यांपैकी एकाला कामावरही घेतलं. २७ ऑक्टोबर २००९ ला ‘लीग ऑफ लेजेंड्स’ आला. इंटरनेटवर, आणि फुकट. पैसे मिळायचे ते खेळातल्या पात्रांचे नवे वेष विकून. (बाई-पात्रांचे वेष किती तोकडे असतात यावर एक वेगळा लेख होईल. कुणीतरी लिहा.)

फुकट खेळ विकून कंपनी कशी चालणार, असं जाणकारांना वाटत होतं. ती चालली. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की महिन्याला ६ कोटी ७० लाख माणसं हा खेळ खेळतात, रोज २ कोटी ७० लाख. त्याच्या आदल्या वर्षी खेळाची जागतिक अंतिम स्पर्धा लॉस एंजेलिसच्या ज्या मैदानात झाली, तिथं एरवी बास्केटबॉलचे मोठे सामने होतात. २०११ साली चीनच्या टेन्सेंट कंपनीनं बहुतांश हिस्सा विकत घेतला आणि २०१५ च्या शेवटी उरलेलाही घेतला. तरी कारभार लॉस एंजेलिसमधूनच, पूर्वीच्याच लोकांच्या हातात राहिला. कंपनी स्वतःला खेळाडूंची, खेळाडूंसाठी चालवलेली म्हणत राहिली. २०१५ साली ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या यादीत नोकरीसाठी उत्तम अशा शंभर कंपन्यांत तिचं नाव होतं.

आणखी एक गोष्ट त्या मुलानं कौतुकानं सांगितली. खेळताना लोक एकमेकांना घाणेरड्या शिव्या देतात, त्यात बाई असल्याचं कळलं तर विचारूच नका. यावर उपाय म्हणून रायटनं २०११ साली एक पंचायतच बसवली. तिचं नाव ट्रिब्यूनल. तक्रार झालेल्या खेळाडूचं बोलणं इतर खेळाडूंसमोर ठेवायचं आणि त्यांनी निवाडा करायचा. खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास करायला मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस नेमला. सगळं खरं आहे. ग्राहक टिकवायचा तर खेळाचं मैदान राहण्याजोगं असावं लागतं, हे या कंपनीला फार लवकर कळलं होतं.

आता उरलेली गोष्ट.

७ ऑगस्ट २०१८ ला कोटाकू या नियतकालिकात सेसिलिया डी’अनास्तासिओ या पत्रकार बाईंचा लांबलचक वृत्तांत आला. रायटमधल्या आजी-माजी २८ जणांशी बोलून त्यांनी तो लिहिला होता. तोवर कंपनीत जगभर मिळून अडीच हजार माणसं झाली होती आणि त्यांत सुमारे ८० टक्के पुरुष होते. वृत्तांतात अंगचटीला येणं, नको ती छायाचित्रं पाठवणं, बैठकीत बायकांचं बोलणं तोडणं असे ओळखीचे प्रकार आहेतच. पण मला त्यातला जो भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला तो नोकरी देण्याच्या पद्धतीचा. रायटला कामावर माणूस हवा तो नुसता हुशार चालत नसे, तो हाडाचा खेळाडू असावा लागे. त्यासाठी त्यांचा शब्द होता ‘कोअर गेमर’. हिशेबनीस असो की मनुष्यबळ विभागातली बाई, मुलाखतीत खेळांवरून उलटतपासणी. पुरुषानं ‘मी खेळतो’ म्हटलं की बहुधा ते मानलं जाई. बाईनं म्हटलं की तिला एकेक खेळ, एकेक पातळी विचारून पारखलं जाई. एका बाईनं तिच्या विभागात एका मोठ्या पदावर दुसऱ्या बाईला घ्यायचा प्रयत्न केला, तर उमेदवार ‘फार महत्त्वाकांक्षी’ असल्याचं कारण पुढे आलं. तीच बाई बैठकीत एक कल्पना मांडून बसली होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. काही दिवसांनी तिनं एका पुरुष सहकाऱ्याला सांगितलं, हीच कल्पना तू मांडून बघ. त्यानं मांडली आणि सगळ्यांना ती एकदम आवडली.

मैत्रिणींनो, हे वाचून तुम्ही हसला असाल. आपल्यातल्या प्रत्येकीनं ग्रामसभेत, कामगार संघटनेत, पुरोगामी पक्षांच्या बैठकांतसुद्धा हे अनुभवलेलं आहे. पण इथं एक फरक आहे. गिरणीत बाईला कमी पगाराचं काम मिळे ते ‘बाई म्हणून’, आणि तसं उघड म्हटलं जाई. मित्रांच्या कंपनीत तसं कुणी म्हणत नाही. तिथं म्हणतात, ती ‘आपल्यातली’ वाटत नाही. आता आपल्यातलं कोण हे ठरवणारे पहिले पाच-सहा जण वसतिगृहाच्या एकाच मजल्यावरचे असतात. ते पुढचे दहा निवडतात, ते दहा पुढचे शंभर. कुणाच्या मनात कपट असायला लागत नाही. कंपनी भराभर वाढते आणि वसतिगृहाचा तो मजला तिच्याबरोबर वाढत जातो. तिथले विनोद, तिथल्या शिव्या, मुलींच्या रूपाची क्रमवारी लावायची तिथली खोड, सगळं. रायटविरुद्ध पुढे जो दावा झाला त्यात अशा एका यादीचा उल्लेख आहे. कंपनीतल्या ‘सर्वांत देखण्या’ बायकांची यादी, कर्मचाऱ्यांमध्ये फिरत असलेली.

वृत्तांतानंतर रायटनं जाहीर माफी मागितली. हार्वर्डच्या एका नामवंत प्राध्यापक बाईंना सल्लागार नेमलं. एका अतिवरिष्ठ अधिकाऱ्याची चौकशी झाली आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याला दोन महिने बिनपगारी घरी बसवलं. दोन महिन्यांनी तो परत कामावर. त्याच सुमारास एका खेळ-मेळाव्यात कंपनीनं काही तासांचं एक सत्र फक्त स्त्रिया आणि स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तींसाठी ठेवलं होतं. या क्षेत्रात नोकरी कशी मिळवायची, एवढाच विषय. त्यावरून पुरुष खेळाडूंनी असा काही गदारोळ केला की जणू त्यांच्या घरावर कुणी टाच आणली!

नोव्हेंबर २०१८ मध्ये दोघीजणी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेल्या. समान कामाला कमी वेतन, बढतीत डावलणं, छळ, तक्रार केल्यावर सूड. दावा त्यांचा दोघींचा नव्हता, सगळ्या बायकांच्या वतीनं होता. कंपनीनं एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाला सांगितलं की यांचं प्रकरण इथं चालवू नका, लवादाकडे पाठवा. कारण नोकरीला लागताना त्यांनी सही केलेल्या कागदांत तसं कलम होतं. लवाद म्हणजे बंद दाराआडचा खासगी निवाडा. ज्यूरी नाही, पत्रकार नाहीत, आणि प्रत्येकीचं प्रकरण वेगळं. शेजारच्या टेबलावरच्या बाईचं काय झालं हे दुसरीला कळायचं नाही. खेळाडूनं खेळाडूला शिवी दिली तर तिचा निवाडा हजारो खेळाडूंसमोर, आणि त्याच कंपनीत काम करणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं मात्र कुलपात!

६ मे २०१९ ला दुपारी दीडशेहून जास्त कर्मचारी काम थांबवून कचेरीच्या आवारात उभे राहिले. बाया होत्या, पुरुषही होते. मागणी एकच, सक्तीचा लवाद बंद करा. संपाची परंपरा नाही, संघटना नाही, सगळ्यांना घसघशीत पगार, तरी ते उभे राहिले. मागणी मान्य झाली नाही. चालू खटले निकाली निघाल्यावर नव्यानं येणाऱ्यांना छळाच्या प्रकरणांपुरती लवादातून सूट देऊ, असं कंपनी म्हणाली, असलेल्यांना नाही. पण त्या दिवशी आवारात कोण कोण आहे हे सगळ्यांनी एकमेकांना पाहिलं होतं. आपल्या संघटनांत ज्याला ‘पहिली बैठक’ म्हणतात ना, ती ही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तडजोड जाहीर झाली, आणि पुढे कळलं की ती एक कोटी डॉलरची आहे. सुमारे हजार बायका, एक कोटी डॉलर. ऐकायला मोठी रक्कम. इथं राज्य सरकारच्या न्याय्य रोजगार आणि गृहनिर्माण खात्यानं हरकत घेतली. जानेवारी २०२० मध्ये त्यानं न्यायालयाला सांगितलं की या बायकांचं देणं ४० कोटी डॉलरपर्यंत निघू शकतं, ही तडजोड मान्य करू नका. तडजोड मोडली. बायकांनी वकील बदलले. आणखी दोन वर्षं गेली. २७ डिसेंबर २०२१ ला नवी तडजोड जाहीर झाली ती १० कोटी डॉलरची. ८ कोटी बायकांना, २ कोटी वकिलांची फी आणि खर्च. शिवाय तीन वर्षं बाहेरच्या तटस्थ व्यक्तीची देखरेख. दोन वर्षांत दहापट! सरकारी खात्यावर विश्वास ठेवायची आपल्याला सवय नाही, आणि त्याला कारणंही आहेत. पण खात्यातली माणसं कागद नीट वाचतात तेव्हा काय होतं हेही नोंदवून ठेवायला हवं.

या तडजोडीतला एक मुद्दा वर्तमानपत्रांनी दोन ओळींत संपवला. तिच्यात नोव्हेंबर २०१४ पासून कॅलिफोर्नियात काम केलेल्या कायम नोकरीतल्या बायका होत्या, तशाच एजन्सीमार्फत कंत्राटावर आलेल्याही होत्या. कंत्राटावरच्या बायकांची संख्या कायम बायकांपेक्षा जास्त होती. शिवाय त्यांच्यासाठी ४० पूर्णवेळ जागा खुल्या करायच्या असंही ठरलं. हा खेळाचा धंदा भराभर वाढतो तो कसा, हे इथं दिसतं. चमकणारं नाव दोन मित्रांचं. आणि खेळ पुन्हा पुन्हा खेळून त्यातले दोष शोधणाऱ्या, खेळाडूंच्या तक्रारींना उत्तरं देणाऱ्या कितीतरी बाया एजन्सीच्या पगारपत्रकावर, त्या दुसऱ्याच कंपनीच्या.

हे वाचेपर्यंत मलाही ते लक्षात आलं नव्हतं, हे कबूल करते. बाणेरच्या त्या कंपनीत मी तासाभराचं प्रशिक्षण घेतलं. समोर सात मुली होत्या असं मी वर म्हटलं. प्रशिक्षण संपल्यावर खाली वाहनतळात, मी स्कूटर काढत असताना एक आठवी मुलगी आली. बावीस-तेवीस वर्षांची, गळ्यातलं ओळखपत्र वेगळ्याच रंगाचं. “ताई, आम्ही तिघी टेस्टर आहोत, एजन्सीकडून. आम्हाला वर बोलावलं नव्हतं. आम्हाला ती कमिटी लागू होते का?” मी तिला सांगितलं, होते. आपल्या कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, तात्पुरती, रोजंदारीची, कंत्राटी, उमेदवारी करणारी, अगदी पगार न घेता काम करणारीसुद्धा. तिनं मान हलवली, पण तिचा चेहरा काही फार बदलला नाही. मी विचारलं, तूही हे खेळ खेळतेस का? ती म्हणाली, “दिवसभर तेच तर करते. पण मुलाखतीत विचारलेली रँक खोटी सांगितली होती. खरी सांगितली असती तर घेतलं नसतं.”

(तक्रारीतला मजकूर बाहेर सांगायला कायद्याची मनाई आहे आणि ती योग्य आहे. ही तक्रार नव्हती. तरी ती ओळखू येईल असे तपशील मी बदललेत.)

आमच्या मंडळात हा विषय मांडला तेव्हा दोन मतं पडली. एका ज्येष्ठ मैत्रिणीनं स्पष्टच विचारलं, “घरकामगार बायकांच्या पगाराचा लढा अर्धा पडलाय, आणि तू एसीत बसणाऱ्या मुलींचं काय घेऊन बसलीस?” तिचा प्रश्न मला लागला. पण आठवून पाहा. १९९७ साली विशाखा निकालातून जी मार्गदर्शक तत्त्वं आली ती राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवीच्या प्रकरणातून. बालविवाह थांबवायला गेलेली ती साथिन, मानधनावर काम करणारी. तिच्या अंगावरून ओढलेला तो कायदा आज बाणेरच्या काचेच्या इमारतीत लागू आहे. पुण्यातल्या ‘आलोचना’च्या मेधा कोतवाल-लेले यांनी विशाखा कागदावरच राहतेय म्हणून सर्वोच्च न्यायालयात चिकाटीनं पाठपुरावा केला, त्याचा निकाल २०१२ साली लागला. आपल्या मैत्रिणींनी मिळवलेली ही हत्यारं आहेत. ती वापरली जातात की भिंतीवर टांगली जातात, हे बघायला आपण नको?

दुसऱ्या मताचा रोख माझ्यावर होता. या कंपन्या बाहेरच्या सदस्याला मानधन देतात. आमच्या संस्थेला त्याचा उपयोग होतो, खोटं कशाला बोला. पण रायटनं सुद्धा नामवंत सल्लागार नेमलेच होते, आणि त्यांच्या नावाची बातमी त्याच आठवड्यात छापून आली होती. माझं नाव फलकावर आलं की कंपनीच्या गुंतवणूकदारांच्या प्रश्नावलीतली एक ओळ भरली जाते. हे मला वाहनतळातल्या त्या भेटीपर्यंत जाणवलं नव्हतं, आणि जाणवल्यावर नीट झोपही लागली नाही.

आपला कायदा काही बाबतींत अमेरिकेच्या पुढे आहे. समेट करायचा झाला तर तो पैशाच्या देवाणघेवाणीवर करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सक्तीच्या लवादाला चाप लावायला अमेरिकेला मार्च २०२२ उजाडावा लागला. तेव्हा लैंगिक छळाच्या प्रकरणांपुरता तसा कायदा झाला. पण वेतनातला भेदभाव, बढतीत डावलणं यासाठी आपल्या समितीकडे जागा नाही. आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कचेरीत समितीच नाही. बाणेरच्या कंपनीत सुरुवातीला सहा जण होते. तेव्हा तिथं एक मुलगी होती. ती वर्षभरात सोडून गेली असं मालकानंच बोलता बोलता सांगितलं. का गेली ते त्याला आठवत नव्हतं. अशा मुलीनं जायचं ते जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या एका प्रकरणात २०२३ साली या समित्यांबद्दल कान टोचले, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मुदती घालून दिल्या. रायटची गोष्ट सांगते ती हीच, की जे घडतं ते पहिल्या सहा जणांत ठरतं. आणि आपल्याकडे नेमक्या त्याच काळात मुलीला दाद मागायला कलेक्टर कचेरी गाठावी लागते.

तिथं काय होतं ते आपण बघू या का? तुमच्या जिल्ह्यात स्थानिक समिती कुठे बसते, अध्यक्ष कोण, तक्रार मराठीत घेतात का, गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि आम्हाला पत्रानं कळवा. माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला तर त्याची प्रतही पाठवा. पुढच्या अंकात सगळं एकत्र छापू.

बाणेरच्या कंपनीला मी गेल्या महिन्यात पत्र दिलं आहे. पुढचं प्रशिक्षण एजन्सीच्या तिघींसह व्हावं, फलक त्या बसतात त्या मजल्यावरही लागावा, आणि मुलाखतीतला रँकचा प्रश्न कोणत्या कामासाठी लागतो ते लेखी द्यावं. हे झालं नाही तर फलकावरचं माझं नाव काढावं. मालकानं फोनवर ‘नक्की बघतो, ताई’ म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा तो मला मॅडम म्हणाला नाही. लेखी उत्तर अजून आलेलं नाही.